बॅटरीची नाडीपरीक्षा

जुन्या काळचे वैद्य रोग्याच्या घरी आले, की आल्याबरोबर पुडी काढून देत नसत. आधी नाडी पाहत, जीभ पाहत, पोट चाचपत. झोप कशी लागते, भूक कशी आहे, हे विचारीत. एवढे झाल्यावर निदान, आणि निदानानंतर औषध. जाता जाता पथ्यही सांगत आणि बजावीत, की पथ्य मोडलेत तर औषधाचा उपयोग व्हायचा नाही!

आज आपल्या घरोघर एक रोगी आहे. त्याची तक्रार रोज कानावर येते, पण त्याची नाडी कोणी पाहत नाही. हा रोगी म्हणजे मोबाईल फोनची बॅटरी. “सकाळी पूर्ण भरली होती, दुपारी संपलीसुद्धा!”, “तीस टक्के दाखवीत होता आणि एकदम बंद पडला!” अशी वाक्ये तुम्ही नेहमी ऐकता. त्यावर सल्लाही ठरलेला असतो : “फोन जुना झाला, आता नवा घ्या.”

हा सल्ला महागडा आहे. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या भागातील कितीतरी घरांत सगळ्यांत मिळून एकच चांगला फोन असतो. वडिलांना मोंढ्यातील कापसाचा आणि सोयाबीनचा भाव त्याच्यावर पाहायचा असतो, आईचा बचतगटाचा हिशेब त्याच्यावरच येतो, आणि तुमचा अभ्यासही त्याच्यावर चालतो. असा फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षे टिकला, तर घराचे काही हजार रुपये वाचतात. पुष्कळदा फोन धडधाकट असतो. आजारी असते ती आतली बॅटरी. कधीकधी तर तीही ठणठणीत असते, आणि दोष भलत्याच ठिकाणी असतो.

तेव्हा, विद्यार्थी मित्रांनो, या रोग्याची नाडी कशी पाहायची आणि त्याला कोणते पथ्य द्यायचे, हे आज आपण शिकू. त्यासाठी प्रथम त्याच्या पोटात काय चालते, ते समजून घेतले पाहिजे.

बॅटरीच्या पोटात

तुमच्यापैकी अनेकांनी वहीच्या पानांत पिंपळाचे पान ठेवले असेल. वही उघडून पान सरकवले की ते दोन पानांच्या मध्ये चपखल बसते. काढून घेतले की वही पुन्हा पूर्वीसारखी. फोनच्या बॅटरीत नेमके हेच घडते. तिच्यात अशा दोन ‘वह्या’ असतात. एक ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो त्याच पदार्थाची. ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. दुसरी वही कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडची असते; तिचीही रचना थरांचीच. ग्रॅफाइट हे बॅटरीचे ऋणाग्र आणि धातूचे ऑक्साइड हे धनाग्र. (अग्र म्हणजे टोक.) या दोन वह्यांत ये-जा करणारे पिंपळपान म्हणजे लिथियम या धातूचा आयन. लिथियम हा सर्वांत हलका धातू आहे.

तुम्ही फोन चार्जिंगला लावता, तेव्हा चार्जर लिथियमच्या आयनांना धनाग्रातून बाहेर काढतो. ते मधल्या विद्युत अपघटनी द्रवातून पोहत ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. बॅटरी पूर्ण भरते तेव्हा साधारण दर सहा कार्बन-अणूंमागे एक लिथियम असे प्रमाण होते. तुम्ही फोन वापरू लागलात, की आयन परत धनाग्राकडे निघतात. त्यांचे इलेक्ट्रॉन मात्र द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या मार्गाने, म्हणजे तुमच्या फोनच्या मंडलातून, फिरून जावे लागते. जाता जाता ते पडदा उजळतात, आवाज ऐकवतात, संदेश पाठवतात. फोन चालतो तो या वाटसरूंच्या कष्टावर!

आता थोडे गणित करू. पुष्कळ फोनच्या बॅटरीवर ५००० मिलिॲम्पिअर-तास असे लिहिलेले असते. म्हणजे ५ ॲम्पिअरची धारा एक तास, किंवा १ ॲम्पिअरची धारा पाच तास मिळेल, एवढा विद्युतभार. एका तासात ३६०० सेकंद; म्हणून हा भार ५ × ३६०० = १८,००० कुलोम झाला. लिथियमच्या प्रत्येक आयनामागे एक इलेक्ट्रॉन असतो. फॅराडेच्या नियमाप्रमाणे सुमारे ९६,५०० कुलोम भारामागे सुमारे ७ ग्रॅम लिथियम सरकते. तेव्हा १८,००० कुलोमसाठी किती? त्रैराशिक मांडा. उत्तर सुमारे १.३ ग्रॅम येईल.

म्हणजे दिवसभर तुमचा फोन चालतो, तो इकडून तिकडे सरकणाऱ्या अवघ्या सव्वा ग्रॅम लिथियमच्या जोरावर! हा आकडा लक्षात ठेवा. रोगाचे मूळ याच सव्वा ग्रॅमात आहे.

ही युक्ती कोणाची?

इटलीच्या व्होल्टाने पहिली बॅटरी १८०० साली जगापुढे मांडली. तिच्यात जस्त झिजत असे. झिजले की काम संपले. लिथियमला थरांत बसवून पुन्हा बाहेर काढण्याची कल्पना स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत मांडली. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टच्या ऑक्साइडचे धनाग्र वापरून जवळजवळ ४ व्होल्टचा घट बनवला. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋणाग्रासाठी लिथियम धातूऐवजी कार्बनचा पदार्थ घेऊन तो सुरक्षित केला. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ होते. एवढ्या वयात नोबेल मिळालेले दुसरे कोणी नाही.

बॅटरीला म्हातारपण का येते?

वहीत पान ठेवणे आणि काढणे एवढेच असेल, तर बॅटरी अमर का नसावी? कारण पाने ठेवता-काढता काही पाने आतच चिकटून बसतात.

बॅटरी प्रथम भरली जाते तेव्हा ग्रॅफाइटला लागून असलेला थोडा द्रव विघटित होतो आणि ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ थर जमतो. गुडघा फुटला की त्यावर खपली धरते ना? तशीच ही खपली. ती उपयोगी आहे, कारण ती खालच्या ग्रॅफाइटचे आणि द्रवाचे पुढचे भांडण थांबवते. मात्र ती बनते लिथियम खर्ची घालून. पुढेही ती वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत जाते आणि आणखी लिथियम गिळते. खपलीत अडकलेले लिथियम पुन्हा ये-जा करू शकत नाही.

बॅटरीची धारकता मूळच्या ८० टक्क्यांवर आली, की ती म्हातारी झाली असे व्यवहारात मानतात. म्हणजे २० टक्के घट. सव्वा ग्रॅमाचे २० टक्के किती? फक्त पाव ग्रॅम! पाव ग्रॅम लिथियम खपलीत अडकले, की आपण फोन टाकून द्यायला निघतो.

दुसरा परिणाम असा, की खपली जाड झाल्यामुळे आयनांची वाट अवघड होते. भौतिकशास्त्राच्या भाषेत, बॅटरीचा आंतररोध वाढतो. म्हातारपणाची ही दोन लक्षणे वेगळी ओळखायला शिका : धारकता घटणे आणि आंतररोध वाढणे. माठ लहान होणे ही एक गोष्ट, आणि माठाची तोटी गाळाने तुंबणे ही दुसरी.

दोन शत्रू

म्हातारपण टळत नाही; पण ते लवकर आणणारे दोन शत्रू आहेत, आणि ते आपल्याला रोखता येतात.

पहिला शत्रू उष्णता. मे महिन्यात सकाळचे दूध न तापवता ठेवले तर दुपारपर्यंत नासते. डिसेंबरात तेच दूध बराच वेळ टिकते. तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. खपली जाड होणे हीही रासायनिक क्रियाच. २५ अंशांऐवजी ४५ अंशांवर बॅटरी राहिली, तर या हिशेबाने तिचे म्हातारपण सुमारे चौपट वेगाने येईल.

आता परभणीकडे पाहा. ॲपल कंपनी आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे सभोवतालचे तापमान योग्य मानते आणि ३५ च्या वर धारकतेचे कायमचे नुकसान होऊ शकते, असे सांगते. परभणीत मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत दुपारी सावलीतला पारा बहुतेक रोज ३५ च्या वर असतो. एप्रिल-मेमध्ये तो ४२-४३ पर्यंत चढतो. हे झाले सावलीतले. पत्र्याच्या छपराखाली, दुचाकीच्या हँडलवर उन्हात, किंवा काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत काय होत असेल? बंद मोटारीतील तापमान ६० अंशांपलीकडे जाऊ शकते. ज्या नियमावर थंड देशांतील माणसाचे भागते, त्यावर परभणीच्या माणसाचे भागणार नाही. इथे पथ्य जास्त कडक हवे.

दुसरा शत्रू कळला की आश्चर्य वाटेल : सतत पूर्ण भरलेले राहणे! जुने धनुर्धारी काम संपले की धनुष्याची दोरी उतरवून ठेवत. सदा ताणलेले धनुष्य आपला जोर गमावते. १०० टक्के भरलेली बॅटरी म्हणजे दोरी चढवलेले धनुष्य. तिच्यातील विभवांतर सर्वांत जास्त, म्हणजे ४.२ ते ४.४ व्होल्टच्या आसपास असते. धनाग्रातून बरेचसे लिथियम निघून गेल्याने ते द्रवाचे ऑक्सिडीकरण करू पाहते, आणि इकडे लिथियमने गच्च भरलेले ग्रॅफाइटही अधिक क्रियाशील असते.

दोन्ही शत्रू एकत्र आले तर काय होते, ते पाहा. बॅटरीच्या अभ्यासकांत नेहमी सांगितले जाणारे हे आकडे आहेत. बॅटरी न वापरता वर्षभर ठेवली, तर मूळ धारकतेपैकी साधारण किती उरते?

२५ अंश, ४० टक्के भरलेली : ९६ टक्के उरते.
२५ अंश, पूर्ण भरलेली : ८० टक्के उरते.
४० अंश, ४० टक्के भरलेली : ८५ टक्के उरते.
४० अंश, पूर्ण भरलेली : ६५ टक्के उरते.

बॅटरीच्या जातीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहा. एकीत ४ टक्के तोटा, दुसरीत ३५ टक्के! आणि यात फोन एकदाही वापरलेला नाही.

आता नाडी पाहू

निदानाचा पहिला नियम : आधी भलते संशयित वगळा. बॅटरी लवकर संपते म्हणजे ती खराबच झाली, असे नाही. गावाच्या कडेला किंवा शेतात सिग्नल क्षीण असेल, तर फोन टॉवरशी बोलण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. पडद्याचा उजेड उन्हात पूर्ण वाढलेला असतो. एखादे ॲप मागच्या दाराने सतत चालू असते. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर कोणते ॲप किती खाते, ते दिसते. चार्जिंग होत नसेल, तर आधी दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून पाहा. चार्जिंगच्या छिद्रात खिशातला कापूस आणि धूळ साचून पिन नीट बसत नाही, हाही दोष फार आढळतो. हे सगळे वगळल्यावरच बॅटरीकडे वळा.

प्रयोग पहिला. संध्याकाळी, हवा निवल्यावर फोन पूर्ण भरा. तो विमान-मोडमध्ये टाका, म्हणजे सिग्नलचा खर्च थांबेल. पडद्याचा उजेड निम्मा ठेवा आणि आधीच उतरवून घेतलेली एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा चालू द्या. दर १५ मिनिटांनी किती टक्के उरले, ते वहीत टिपा. मग आलेख काढा : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर टक्के.

आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरत असेल, तर बॅटरीची प्रकृती बरी. रेषा सरळ आहे, पण पूर्वीपेक्षा तीव्र उताराची असेल, तर धारकता घटली. रेषा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असेल, किंवा ३०-४० टक्क्यांवरून एकदम कड्यावरून पडल्यासारखी कोसळत असेल, तर आंतररोध वाढला आहे किंवा फोनचा अंदाज चुकत आहे. टक्के हे मोजलेले नसतात. फोन आत-बाहेर गेलेला भार आणि विभवांतर पाहून अंदाज बांधतो, आणि बॅटरी म्हातारी झाली की जुना हिशेब जुळत नाही. हा प्रयोग महिन्यातून एकदाच करा आणि वही जपून ठेवा. पहिल्या महिन्याचा आलेख हीच पुढच्या सर्व तुलनांची पट्टी.

फोन एकदम बंद का पडतो? हे आठवी-नववीच्या गणिताने समजते. समजा, बॅटरी ३० टक्के भरलेली असताना तिचे विभवांतर ३.७ व्होल्ट आहे, आणि ते ३.३ च्या खाली गेले की फोन बंद होतो. तुम्ही कॅमेरा उघडला आणि २ ॲम्पिअरची धारा लागली. नव्या बॅटरीचा आंतररोध ०.१ ओहम असेल, तर आतच २ × ०.१ = ०.२ व्होल्ट खर्च होतील, उरले ३.५. फोन चालू राहील. जुन्या बॅटरीचा आंतररोध ०.३ ओहम असेल, तर ०.६ व्होल्ट आतच जातील, उरले ३.१. फोन बंद! थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू केला, तर तीस टक्के दाखवतो, कारण धारा थांबताच विभवांतर पुन्हा वर येते. लोकांना ही भुताटकी वाटते. आहे तो ओहमचा नियम.

हे संकट मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकले नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आपण कमी करतो, असे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. त्यावर मोठा गदारोळ झाला. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवला आणि पुढे फोनमध्येच बॅटरीची प्रकृती दाखवण्याची सोय केली. फोन ‘हळू’ होण्याचे कारणही कधीकधी बॅटरीत असते, हे यावरून ध्यानात येईल. आता इतरही काही फोनच्या सेटिंगमध्ये धारकतेचे टक्के आणि चार्जिंगची किती आवर्तने झाली, ते दिसते. एक आवर्तन म्हणजे एकदा प्लग लावणे नव्हे. आज निम्मी आणि उद्या निम्मी भरली, तर दोन्ही मिळून एक आवर्तन. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे २० जून २०२५ पासून तेथे विकायला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० आवर्तनांनंतरही निदान ८० टक्के धारकता राखणारी असावी लागते.

प्रयोग दुसरा, शिक्षकांच्या मदतीने. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी-मापक मिळतो. बंद केलेला फोन रिकामा असताना भरायला लावा आणि मापकावर किती वॉट-तास गेले, ते पाहा. ५ ॲम्पिअर-तास धारकतेच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाटेतला तोटा धरून मापकावर २२-२३ दिसावेत. १५-१६ वरच बॅटरी भरली, तर माठ लहान झाला असे समजा. जाता जाता एक गंमत : १००० वॉट-तास म्हणजे एक युनिट वीज. म्हणजे एका युनिटात फोन चाळीसेक वेळा भरतो!

हे लक्षण दिसताच थांबा

वरची सर्व लक्षणे म्हातारपणाची आहेत. एक लक्षण मात्र धोक्याचे आहे : बॅटरी फुगणे. आतील द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि बॅटरीची पातळ पिशवी फुगते. फोनची पाठ किंवा पडदा उचलल्यासारखा दिसतो. सपाट फरशीवर फोन ठेवून बोटाने फिरवला, तर भोवऱ्यासारखा गरगरतो किंवा डुलतो.

असे दिसले की चार्जिंग बंद, फोन बंद. त्याला दाबू नका, टाचणी टोचून ‘हवा’ काढू नका, स्वतः उघडू नका. आतला द्रव पेट घेणारा आहे, आणि दोन अग्रांमधला पापुद्रा फाटला तर ती आतल्या आत एकमेकांना भिडतात. २०१६ मध्ये सॅमसंगला एका प्रकारचे फोन जगभरातून परत घ्यावे लागले, ते बॅटरीतील अशाच आतल्या दोषामुळे. फुगलेला फोन गादी, कागद, कापूस यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि मोठ्या माणसांकडून दुरुस्ती केंद्रात पोहोचवा.

पथ्य

आता पथ्य. प्रत्येक नियमामागचे कारण तुम्हाला आधीच कळलेले आहे, म्हणून पाठांतराची गरज नाही.

१. चार्जिंग थंड वेळी करा. उन्हाळ्यात दुपारी दोनपेक्षा पहाटे किंवा रात्री उशिरा. चार्जिंगमध्ये बॅटरी स्वतःही तापते. त्यात भर घालू नका. जाड कव्हर काढून ठेवा. उशीखाली किंवा पांघरुणात फोन भरायला ठेवू नका.

२. चार्जिंग चालू असताना खेळ किंवा चित्रपट नको. एका बाजूने भरणे, दुसऱ्या बाजूने उपसणे. दोन्हींची उष्णता एकाच पोटात.

३. शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. पुष्कळ फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. प्रवासाला निघताना किंवा वीज जाणार असेल तेव्हा खुशाल १०० करा. पथ्य रोजचे असते, सणाचे नव्हे.

४. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल, तर निम्मा भरून, बंद करून ठेवा. अगदी रिकामा ठेवला तर विभवांतर फार खाली जाते, ऋणाग्रामागचा तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो आणि बॅटरी कायमची मरते.

५. फोन तापला तर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि पाणी आत शिरते.

हिवाळ्याचे काय? परभणीत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा पहाटे बॅटरी मंदावलेली वाटेल, कारण आयनांची चाल थंडीने मंदावते. हे तात्पुरते आहे. ऊन पडले की ती पूर्ववत होते. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता वर धातूरूपाने साचते आणि नुकसान होते. पण ती वेळ परभणीत येत नाही.

जुने शहाणपण, नवी बॅटरी

घरात आजोबा सांगतील, “विजेरीचे सेल मंद झाले की आम्ही उन्हात ठेवत होतो.” खरे आहे. ते सेल एकदाच वापरायचे होते. उन्हाने त्यांची रासायनिक क्रिया थोडी वेग घेई आणि चार दिवस जास्त उजेड मिळे. दुसरे कोणी म्हणेल, “बॅटरी नेहमी पूर्ण भरून ठेवावी.” ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी हेही खरे. त्या शिसे-आम्लाच्या असतात. रिकाम्या राहिल्या की त्यांच्या पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. तिसरा म्हणेल, “पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.” हा नियम निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांमुळे पडला.

हे तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते, आणि फोनच्या बॅटरीसाठी तिन्ही घातक आहेत. औषध एकाचे आणि रोगी दुसरा, असे झाले की अपाय होतो. म्हणून नियम ऐकला की विचारा : हा कोणत्या बॅटरीसाठी होता?

बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर फोन टाकू नका, बॅटरी बदला. आपल्या देशात लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. आयएस १६०४६ हा क्रमांक पाहून घ्या. काढलेली बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती दुरुस्ती केंद्रात द्या. तिच्यातील कोबाल्ट आणि लिथियम पुन्हा वापरता येते.

शिक्षकांसाठी एक सूचना. मार्चपासून उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत वर्गातील दहा विद्यार्थ्यांनी घरच्या फोनचा पहिला प्रयोग दर महिन्याला करावा. पाच घरांत वरील पथ्य पाळावे, पाच घरांत नेहमीचा वापर चालू द्यावा. परभणीतील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तापमानाची नोंद होते. तिचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. ते आलेखाशेजारी लिहीत जावेत. दोन-तीन महिन्यांत मोठा फरक दिसेलच असे नाही, कारण पाव ग्रॅम लिथियम अडकायलाही वेळ लागतो. पण पुढच्या वर्षी पुढच्या वर्गाने तीच वही पुढे चालवावी. दोन उन्हाळे ओलांडलेल्या त्या आलेखांवरून, परभणीच्या उन्हात पथ्याचा किती उपयोग होतो याचे उत्तर मिळेल. आणि ते तुम्ही स्वतः मोजलेले असेल.